न्यूट्रल लागत नाही!

मुंबईतल्या मरोळ नाक्याच्या सिग्नलला संध्याकाळी दुचाकींची रांग थांबली की चेहऱ्यांकडे नको, पायांकडे पाहावं. डावे पाय नाचत असतात. पंजानं दाबला की पहिला गिअर, टाचेनं दाबला की थेट दुसरा. त्या दोघांच्या मधे दडलेला न्यूट्रल काही केल्या लागत नाही. मीटरवरचा हिरवा दिवा क्षणभर लुकलुकतो आणि विझतो. चार-पाच वेळा खटपट झाली की गाडीवाला आपली ठेवणीतली युक्ती काढतो. चावी फिरवून इंजिन बंद करतो, आणि मघापासून हट्टाला पेटलेला न्यूट्रल पहिल्याच टिचकीला लागतो. मग पुन्हा स्टार्टर दाबायचा. तोवर सिग्नल सुटलेला असतो आणि मागचा रिक्षावाला हॉर्नवरचा अंगठा उचलत नसतो.

असे दोन-चार आठवडे गेले की गाडी गॅरेजला जाते. तक्रार ठरलेली: "गिअर अडकतोय. गिअरबॉक्स गेला वाटतं." ऐकणारा मेकॅनिक जुना असेल, तर तो गिअरबॉक्सकडे ढुंकूनही बघत नाही. डाव्या हाताची लिव्हर दोनदा दाबून पाहतो आणि वायरच्या नटाला हात घालतो. कारण गाडीवाल्यानं सिग्नलला जी युक्ती केली, तिच्यातच रोगाचं निदान होतं. गिअरचे दात खराब झाले असते, तर इंजिन बंद केल्यावरही ते खराबच राहिले असते. इंजिन बंद होताच जी खोड जाते ती गिअरची नव्हे, क्लचची. गिअरच्या नावानं येणाऱ्या तक्रारींत आळ नेहमी गिअरबॉक्सवर येतो. चोर बहुतेकदा क्लचमध्ये, वायरमध्ये, तेलात किंवा चालवणाऱ्याच्या चार बोटांत सापडतो.

आणि थोडाफार रस्त्यातही.

अंधेरी-कुर्ला रस्ता मरोळच्या पोटातून जातो. त्याच्या डोक्यावरून ८ जून २०१४ पासून वर्सोवा-घाटकोपर मेट्रो धावते आहे: ११.४ किलोमीटर, बारा स्थानकं, त्यांत मरोळ नाका आणि साकीनाका लागोपाठची. ऑक्टोबर २०२४ मध्ये मरोळ नाक्याच्या जमिनीखालूनही आरे ते बीकेसी अशी भुयारी मेट्रो सुरू झाली. वरचा प्रवासी सुखानं जातो, खालचाही जातो; मधल्या थराचं मात्र तसं नाही. एका बाजूला १९७३ पासूनचं सीप्झचं निर्यात क्षेत्र आणि एमआयडीसी, दुसऱ्या बाजूला विमानतळ, आरेकडून येणारा मरोळ-मरोशी रस्ता, मिलिटरी रोडची रहदारी, मेट्रोचे खांब, बस, टेम्पो, रिक्षा, आणि या सगळ्यांच्या फटींतून पुढचं चाक घुसवणाऱ्या दुचाकी. फटीत घुसलेली गाडी धावत नाही, सरपटते.

या सरपटण्याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. १०० ते १५० सीसीच्या गाडीचं इंजिन नुसतं धडधडत ठेवलं, तर ते मिनिटाला साधारण १४०० फेरे घेतं. पहिल्या गिअरमध्ये इंजिनचे तीस-पस्तीस फेरे होतात तेव्हा मागच्या चाकाचा एक पूर्ण होतो. चाकाचा घेर पावणेदोन-दोन मीटर. गुणाकार-भागाकार केला तर उत्तर येतं ताशी चार ते सहा किलोमीटर, म्हणजे फुटपाथवरून चालणाऱ्या माणसाचा वेग. त्याच्याखाली गाडी क्लच पूर्ण सोडून चालूच शकत नाही. आचके देते आणि बंद पडते. संध्याकाळच्या मरोळमध्ये चालणारा माणूस गाडीच्या पुढे जातो, हे तर सगळेच पाहतात. मग गाडी चालते कशी? हाफ क्लचवर.

हाफ क्लच हा मुंबईच्या दुचाकीस्वाराचा खरा गिअर. तो कुठल्याही कंपनीच्या तक्त्यात नाही, पण पहिल्या आणि दुसऱ्यापेक्षा जास्त तोच वापरला जातो.

क्लचच्या आत काय असतं ते एकदा समजून घेतलं की बाकीचं सोपं होतं. दिवाळीच्या फराळातला चिरोटा आठवावा: पदरावर पदर. मोटरसायकलच्या क्लचमध्ये तशाच चकत्या एकावर एक रचलेल्या असतात. एक घर्षणाचं अस्तर लावलेली, तिच्यावर एक साधी पोलादी, पुन्हा अस्तराची, पुन्हा पोलादी. अस्तराच्या चकत्या बाहेरच्या हाउसिंगमध्ये, म्हणजे इंजिनकडे अडकवलेल्या. पोलादी चकत्या आतल्या हबवर, म्हणजे गिअरबॉक्सकडे. चार-पाच स्प्रिंगा हा सगळा ढीग घट्ट दाबून धरतात आणि मग तो एकजीव फिरतो. लिव्हर दाबली की वायर ओढली जाते, स्प्रिंगांचा दाब उठतो आणि चकत्या एकमेकींपासून केसभर मोकळ्या होतात. इंजिन आपलं फिरत राहतं, गिअरबॉक्स थांबतो. हाफ क्लच म्हणजे चकत्या धड चिकटलेल्या नाहीत, धड सुटलेल्या नाहीत, एकमेकींवर घासत फिरताहेत. गाडी हलवायला सुरुवात करताना हे सेकंद-दोन सेकंद व्हावं, अशी रचना आहे. साकीनाक्यापर्यंत अखंड व्हावं, अशी नाही. घासण्यानं उष्णता होते, अस्तर झिजतं, त्याच्यावर काचेसारखी चकाकी येते. पोलादी चकत्या तापून निळसर पडतात आणि वाकतात. उघडलेल्या क्लचमधली निळी प्लेट पाहिली की गाडी कोणत्या रस्त्यावर चालते ते विचारावं लागत नाही.

यातून दोन आजार निघतात आणि ते एकमेकांच्या उलट आहेत. एक क्लच सुटत नाही, दुसरा धरत नाही.

सुटत नाही तेव्हा लिव्हर पूर्ण दाबूनही चकत्या थोड्या चिकटून राहतात. वायर लांबलेली असते, प्लेटी वाकलेल्या असतात, किंवा हाउसिंगच्या खाचांना चकत्यांच्या कानांनी खड्डे पाडलेले असतात आणि चकती त्या खड्ड्यात अडकून सरकत नाही. गिअरबॉक्सचा शाफ्ट इंजिनबरोबर फिरतच राहतो. अशा फिरत्या शाफ्टवर, पहिल्या-दुसऱ्याच्या मधली अर्ध्या टप्प्याची जागा म्हणजे न्यूट्रल पकडायचा, हे धावत्या लोकलच्या दाराला नेमका हात घालण्यासारखं आहे. गिअर घालताना 'खट्ट' असा मोठा आवाज येणं, क्लच दाबलेला असतानाही गाडी पुढे ओढणं, सिग्नलला इंजिन गुदमरणं ही त्याच आजाराची लक्षणं. घरच्या घरी तपासायची सोयही आहे. गाडी मेन स्टँडवर लावावी, मागचं चाक अधांतरी असावं, इंजिन चालू करून क्लच दाबून पहिला गिअर घालावा. तेलाच्या ओढीनं चाक सावकाश फिरलं तर काळजी नाही. मागच्या ब्रेकचा हलका स्पर्श होताच ते थांबायला हवं. ब्रेक लावल्यावर इंजिनच दबायला लागलं, तर क्लच सुटत नाही म्हणून समजावं.

धरत नाही तेव्हा उलटं होतं. जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडच्या उड्डाणपुलावर चढताना अ‍ॅक्सिलरेटर पिळला की इंजिन किंचाळतं, पण गाडी काही उठत नाही. 'नुसती रेझ होते, पिकअप घेत नाही' हे गॅरेजमधलं त्याचं वर्णन. अस्तर संपलेलं असतं, स्प्रिंगा बसलेल्या असतात; किंवा, आणि हे फार वेळा घडतं, वायर इतकी ताणून बसवलेली असते की लिव्हर मोकळी असतानाही क्लच थोडासा दाबलेलाच राहतो. न्यूट्रल लागत नाही म्हणून कोणीतरी नट फिरवून वायर घट्ट केली, न्यूट्रल लागायला लागला, आणि दोन महिन्यांत प्लेटी जळल्या. पहिल्या आजाराचं औषध जास्त झालं की दुसरा होतो तो असा. लिव्हरच्या टोकाशी थोडा प्ले, म्हणजे सैलपणा, हवाच. १०० सीसीच्या अनेक गाड्यांची मॅन्युअल तो १० ते २० मिलिमीटर सांगतात. मोजायला पट्टी लागत नाही, करंगळीची रुंदी पुरते.

एक सवयही इथे नोंदवायला हवी. मुंबईत बरेचजण दोन बोटं कायम क्लचच्या लिव्हरवर ठेवून गाडी चालवतात, न जाणो कधी कोण आडवं येईल. भीती खरी आहे, पण त्या दोन बोटांचं वजनही क्लचवर पडत असतं.

आता तेल. चाळीस वर्षांपूर्वी मुंबईच्या रस्त्यावर दोन-स्ट्रोक गाड्यांचं राज्य होतं: आकुर्डीची बजाज चेतक, राजदूत, येझदी. त्यांच्या इंजिनाचं तेल पेट्रोलबरोबर जळून जायचं आणि गिअरबॉक्स व क्लच यांचं तेल वेगळं, आपल्या जागी स्वच्छ राहायचं. १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आली आणि चार-स्ट्रोकचं युग सुरू झालं. पेट्रोल वाचलं, धूर गेला, पण एक गोष्ट बदलली ती फारशी कोणाच्या ध्यानात आली नाही. या गाड्यांत इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्स एकाच तेलात नांदतात. पिस्टनची काजळी, क्लचच्या अस्तराचा भुगा आणि गिअरच्या दातांचा चुरा एकाच भांड्यात. ऑइल चेंज पुढे ढकलला की इंजिन लगेच तक्रार करत नाही. आधी कुरकुरतात ते गिअर.

त्याच कारणानं मोटरसायकलचं तेल हे नुसतं वंगण नाही. गिअरच्या दातांना ते निसरडं हवं आणि क्लचच्या चकत्यांना फार निसरडं नको, अशी त्याची कसरत. मोटारींच्या तेलात इंधन वाचावं म्हणून घर्षण कमी करणारी द्रव्यं घालायला सुरुवात झाली, तेव्हा जगभर मोटरसायकलींचे क्लच घसरू लागले. १९९८ मध्ये जपानने त्यासाठी वेगळं मानक काढलं. डब्यावर 'जासो एमए' किंवा 'एमए-२' लिहिलेलं तेल ओल्या क्लचच्या मोटरसायकलसाठी. 'एमबी' लिहिलेलं जास्त निसरडं, ते स्कूटरसाठी. घरात अ‍ॅक्टिव्हा आणि पल्सर दोन्ही असतील आणि स्कूटरचं उरलेलं तेल पल्सरमध्ये ओतलं गेलं, तर क्लच घसरायला लागण्याचं कारण गॅरेजमध्ये शोधून सापडणार नाही. ते घरच्या माळ्यावरच्या डब्यावर छापलेलं असतं.

मग गिअरबॉक्स कधीच बिघडत नाही का? बिघडतो. पण त्याची भाषा वेगळी असते. मोटरसायकलच्या गिअरपेटीत सगळ्या गिअरच्या जोड्या कायम एकमेकींत गुंतलेल्याच असतात. आपण पायानं गिअर 'घालतो' तेव्हा दात दातांत जात नाहीत. एका गिअरच्या कुशीला असलेले जाड खुंट, ज्यांना मेकॅनिक 'डॉग' म्हणतात, ते शेजारच्या गिअरच्या खाचेत जाऊन बसतात. पायाच्या लिव्हरनं एक खाचा पाडलेला ड्रम फिरतो, त्या खाचांतून फोर्क सरकतात आणि फोर्क गिअरला ढकलतात. अर्धवट दाबलेल्या पायानं वर्षानुवर्षं गिअर बदलले की डॉगच्या कडा गोलावतात. मग ऐन जोर लावल्यावर गिअर आपोआप सुटतो. बहुधा दुसरा, कारण शहरात सगळ्यात जास्त मार त्यालाच. ही तक्रार क्लचच्या नटानं सुटत नाही. इंजिन उतरवून दोन भाग करावेच लागतात.

उलट, थांबलेल्या गाडीत तिसऱ्यावरून पहिल्यावर यायचं आहे आणि गिअर उतरतच नाही, हा बिघाड नव्हेच. खुंट खुंटासमोर आलेला असतो, खाच समोर नसते. क्लच थोडा सोडून पुन्हा दाबावा, गाडी वीतभर पुढे-मागे करावी, गिअर पडतो. सिग्नलला थांबण्याआधी, गाडी चालती असतानाच खालच्या गिअरवर येण्याचा जुना सल्ला याचसाठी आहे. न्यूट्रलही तेव्हाच, दुसऱ्यावरून हलक्या पायानं काढावा.

पाय आणि गिअर यांचं भांडण निव्वळ सवयीचंही असतं. स्प्लेंडर चालवणाऱ्याचा पाय सगळे गिअर पंजानं खाली दाबून वर चढायला शिकलेला. २००१ मध्ये बजाजची पल्सर १५० आणि १८० सीसीत आली ती एक खाली, चार वर असा नमुना घेऊन. भावाची पल्सर घेऊन निघालेला स्प्लेंडरवाला पवईच्या वळणावर तिसऱ्यावरून चौथा टाकायला पंजा दाबतो आणि गाडी दुसऱ्यावर आदळते. इंजिन ओरडतं, मागचं चाक थरथरतं. यात गाडीचा काय दोष! जुन्या बुलेटचं तर आणखी निराळं. गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या पायाला, पहिला गिअर वर, बाकीचे तीन खाली. पण त्या बुलेटच्या अल्बियन पेटीला एक खास लिव्हर होती, न्यूट्रल शोधणारी. दुसऱ्या, तिसऱ्या किंवा चौथ्या गिअरवरून टाच मारली की गाडी थेट न्यूट्रलमध्ये. मरोळ नाक्याला आज हवी ती नेमकी सोय, आणि कुणीतरी ती अनावश्यक म्हणून काढून टाकली! म्हैसूरच्या जावा-येझदीत किक आणि गिअरची लिव्हर एकच असायची, आणि ती पायानं दाबताच क्लचही आपोआप सुटायचा. सत्तरच्या दशकात अमेरिकेने 'गिअर डाव्या पायाला, ब्रेक उजव्या पायाला' असा नियम केला आणि हळूहळू सगळं जग एका बाजूला आलं. डावा पाय ठरला. खाली की वर, हे मात्र आपल्याकडे अजून ठरलेलं नाही.

हे सगळं टाळायचा मार्ग मुंबईनं केव्हाच शोधला. १९८४ मध्ये पुण्याच्या फिरोदियांच्या कायनेटिकनं होंडाबरोबर बिनगिअरची स्कूटर आणली, २००१ मध्ये अ‍ॅक्टिव्हा आली, आणि कुटुंबातली दुसरी गाडी बिनक्लचची झाली. आपल्या लायसन्सवरही गिअरसह आणि विनागिअर असे दोन वर्ग आहेत. चेतकची गोष्ट तर पूर्ण वर्तुळ आहे. १९७२ मध्ये आलेल्या चेतकला गिअर डाव्या मुठीतच होते. क्लच दाबून अख्खी मूठ पिळायची. पुढे ती बंद झाली. २०२० मध्ये त्याच नावानं जी परतली ती विजेवर चालते, आणि तिच्या डाव्या मुठीत ब्रेकशिवाय दाबायला काही नाही. तरीही डिलिव्हरीची पिशवी पाठीला लावून दिवसभर फिरणाऱ्यांत शंभर-सव्वाशे सीसीची गिअरवाली गाडी टिकून आहे, कारण ती कमी पेट्रोलमध्ये जास्त पळते आणि कुठल्याही गल्लीत दुरुस्त होते. या माणसांच्या डाव्या हाताचा पंजा रात्री दुखतो. त्याचं एक कारण कोरडी पडलेली क्लच वायर हे असतं, आणि ते थोड्याशा तेलात बरं होतं.

क्लचचा आणखी एक वैरी म्हणजे पाणी. पावसाळ्याचा विषय निघाला की मरोळमध्ये मिठी नदी येणारच. विहार-पवईच्या तलावांचं पाणी घेऊन ती मरोळवरूनच साकीनाका, कुर्ल्याकडे जाते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्या दिवशी बुडालेल्या गाड्यांची मोजदाद कोणी करावी! पण दरवर्षीच्या गुडघाभर पाण्यातही तेच, लहान प्रमाणात होतं. इंजिनात शिरलेलं पाणी तेलात घुसळलं जाऊन तेल दुधाळ होतं. अशा तेलात क्लचचं अस्तर भिजून सुटू लागतं, आणि जी गाडी वाळवून, प्लग पुसून 'चालू' केली ती महिन्याभरानं क्लच धरत नाही म्हणून परत येते. पाण्यातून निघालेल्या गाडीला किक मारण्याआधी तेल काढून पाहायचं, ही एवढी गोष्ट अजूनही घाईत राहून जाते.

मरोळ-साकीनाक्याच्या औद्योगिक गाळ्यांत लेथपासून वेल्डिंगपर्यंत सगळं मिळतं, म्हणून झिजलेला डॉग वेल्डिंगनं भरून, घासून परत बसवण्याचा मोह इथे मोठा. हात कितीही सफाईचा असो, हा व्यवहार तोट्याचा आहे. गिअरचं पोलाद उष्णतेची प्रक्रिया देऊन बाहेरून कडक आणि आतून चिवट केलेलं असतं. वेल्डिंगच्या झळीनं ती प्रक्रियाच पुसली जाते. मग एक दिवस तुकडा सुटतो आणि पेटीतल्या बाकीच्या गिअरमध्ये फिरून येतो. झिजलेला गिअर बदलावा, आणि जोडीनं बदलावा. क्लच प्लेटींचंही तसंच. वाळूजला दुचाकींचे क्लच बनवणारा एन्ड्युरन्ससारखा मोठा कारखाना आपल्याच राज्यात असताना, प्लेटी बिनमार्क्याच्या पाकिटातून का घ्यायच्या?

या सगळ्याची परीक्षा मरोळमध्ये होत नाही, कोकणाच्या वाटेवरच्या घाटात होते. गणपतीला आणि दिवाळीला मुंबईतून कोकणात दुचाकीवर जाणारे असंख्य आहेत. मागे माणूस, टाकीवर पिशवी. शहरात वर्षभर हाफ क्लचवर भाजलेल्या प्लेटी चढावर हात टेकतात. उतारावर पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करणारे तर इंजिनाचा ब्रेकच गमावतात आणि सगळा भार चाकांच्या ब्रेकवर टाकतात. आणि वायर तुटते ती नेमकी तिथे, जिथे गॅरेज नसतं. तुटलीच तर रिकाम्या रस्त्यावर क्लचशिवायही गाडी नेता येते: अ‍ॅक्सिलरेटर क्षणभर सोडून हलकेच वरचा गिअर टाकायचा, थांबण्याआधी न्यूट्रल काढायचा. गर्दीत मात्र हा प्रयोग नको. गाडी ढकललेली बरी.

बुलेटवर लांब जाणारे जुने लोक यावर एक साधा उपाय करतात. जुन्या क्लच वायरच्या बाजूनंच नवी वायर ओवून, टेपनं बांधून ठेवतात. जुनी तुटली की दोन टोकं बदलली, निघाले. यंदा दिवाळीला गाडीवरून गावी निघणार असाल, तर तेवढं करून घ्या. वायर, टेप आणि दहा नंबरचा पाना सीटखाली मावतात.